डोंगरसोंडीहून रुजवेल साहेबांस

तुम्ही खोटं बोललात, मंत्रीसाहेब.

परवा आमच्या गावात मांडवाखाली उभं राहून, हार गळ्यात तसाच ठेवून, तुम्ही माइकवर म्हणालात, "त्र्याहत्तरच्या दुष्काळात सरकारनं तुमच्या हाताला काम दिलं." पोरासोरांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ज्या रस्त्यानं तुमची गाडी मांडवापर्यंत आली, त्याच्या पोटातली खडी मी फोडलेली आहे. ते काम बंद पडलं होतं, साहेब. सरकारी कागदानंच बंद पाडलं होतं. ते परत सुरू कसं झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. फायलीत ठेवायला लाज वाटावी अशी ती गोष्ट आहे. लाज तुम्हाला. आम्हाला नाही.

मी सातवी पास. पुढचं सगळं रद्दीच्या कागदावर वाचून शिकलेली. शब्द बोचला तर बोचू द्या.

"अमेरिकेत माणसं उपाशी? मास्तर, ऊन लागलं जणू तुमास्नी!"

धुरपाआत्या असं म्हणाली आणि बाभळीखाली बसलेल्या आम्ही सगळ्या बाया फिदीफिदी हसलो. त्या दुष्काळात डोंगरसोंडीच्या उतारावर, याच रस्त्यासाठी, दोनशे अकरा बाया खडी फोडत होतो. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधायचे, पायाच्या अंगठ्यात दगड धरायचा आणि हातोडी घालायची. दुपारी तासभर सुट्टी. पोरांना सरकारची सुकडी मिळायची, गोड पिठासारखी. माझी शेवंता तेव्हा दोन वर्षांची. तिच्या दंडाला त्या सुकडीनंच जरा मांस धरलं होतं. तिचा बाप बोअरच्या गाडीवर कामाला गेलेला. चार महिने झाले, चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

उपळेकर गुरुजी आमची हजेरी घ्यायचे. शाळेतली पोरं आईबापांमागं कामावर आली, शाळा ओस पडली, म्हणून गुरुजींनाही तिथंच पाठवलेलं. शिकवल्याशिवाय त्या माणसाला घास उतरायचा नाही. सुट्टीत बाभळीखाली बसून ते कथा सांगायचे. आधी रामायण लावलं. पाचव्या दिवशी आत्या म्हणाली, "रामाचा वनवास पाठ हाय आमास्नी. आमचाच चाललाय. दुसरं काय असंल तर बोला." तेव्हा गुरुजींनी अमेरिका काढली.

"ऊन नाही लागलं, आत्या. खरंच सांगतो. चाळीस वर्षांमागं अमेरिकेत चार माणसांत एक बेकार होता. कारखाने बंद, बँका बंद. पावाच्या तुकड्यासाठी कोटवाल्या माणसांची रांग."

"मंग आता आपल्याला मिलो कशी धाडत्यात?"

रेशनला लाल मिलो मिळत होती, अमेरिकेची. जनावराचं खाणं म्हणून आम्ही नाक मुरडायचो आणि त्याच्याच भाकरी थापायचो.

"तेच तर सांगतोय," गुरुजी म्हणाले. "आधीचे राज्यकर्ते म्हणायचे, बाजार पडला तर पडला, आपोआप उठेल. लोकांच्या चुली पेटवणं हे सरकारचं काम नाही. मग एक नवा अध्यक्ष आला. रूझवेल्ट. त्याचे दोन्ही पाय आजारानं गेलेले. चाकांच्या खुर्चीतून फिरायचा."

"पांगळा?"

"पांगळा. तो रेडिओवर बोलायला बसला. भाषण नाही. थोरला भाऊ ओसरीवर बसून घरातल्यांना सांगतो, तसं. बँका का बंद केल्या, कधी उघडणार, काय करणार, सगळं सांगितलं. बँका उघडल्या आणि लोक घरात लपवलेला पैसा परत ठेवायला रांगेत उभे राहिले."

"येडी का खुळी!"

"भरवसा बसला, आत्या."

रोज दुपारी थोडी थोडी अशी ती कथा चालायची. जवान पोरांना झाडं लावायला कसं धाडलं, रस्ते, पूल, शाळा बांधायला लाखो लोकांना कामावर कसं घेतलं, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा कायदा कसा केला. बेकाराच्या हाताला काम देणं हे सरकारचं कामच आहे, असं त्यानं राज्य उलटंसुलटं करून बसवलं म्हणे. मोठमोठे शेठ त्याला शिव्या घालायचे. त्या आल्या की आम्हाला मजा वाटायची.

गुरुजी लपवाछपवी करत नसत. त्यांनी हेही सांगितलं, की पेन्शनच्या कायद्यातून शेतमजूर आणि दुसऱ्याच्या घरी भांडी घासणाऱ्या बाया वगळल्या.

आत्याचा हात भाकरीवरच थांबला. "आपल्यालाच?"

"आपल्यासारख्यांनाच. त्यात काळी माणसं फार होती."

"म्हंजी तितंबी गावकूस हाय." आत्या थुंकली. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या बांधावर गेलेलं.

पण सगळ्यांत जास्त तिला जे आवडलं ते टपाल. लोक त्या अध्यक्षाला पत्रं लिहायचे. साधे लोक, पेन्सिलीनं, फाटक्या कागदावर. आधीच्या अध्यक्षाच्या टपालाला एक कारकून पुरायचा, याच्या टपालाला पन्नास लागले.

"आन जबाब यायचा?"

"यायचा."

"समद्यांस्नी?"

"ऑफिसातून का होईना, यायचा."

हे आत्यानं गुरुजींना निदान दहा वेळा विचारलं असेल.

आमच्यात एक रीत होती. लावलेल्या कथेचा शेवट आधी विचारायचा नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी ऐकायचा. मध्येच कुणी "पुढं काय झालं?" म्हटलं की आत्या डोळे वटारायची. म्हणून कुणी विचारलं नाही. अध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आला तिथवर कथा आली, आणि दुसऱ्या दिवशी काम बंद झालं.

माघ महिना. पावसाला चार महिने. जीपमधून एक कागद आला, "मंजुरी संपली." हातोड्या जमा करून घेतल्या. सुकडीची पोती परत गेली. गुरुजींना तालुक्याला बोलावून घेतलं. आदल्या दिवशी कुणी एक शब्द सांगितला नाही. ढोराला गोठ्यातून काढतानासुद्धा माणूस हा-हू करतो, साहेब.

मी मामलेदार कचेरीत अर्ज दिला. दोनशे अकरा अंगठे. आठवड्यानं दुसरा दिला. मग तिसरा. दर वेळी अकरा मैल चालत, शेवंताला कडेवर घेऊन. खिडकीतला कारकून कागद घ्यायचा आणि म्हणायचा, "मिळाला. बघतो. जा."

"उत्तर कधी?"

"बाई, तुला उत्तर द्यायला तू कोण लागून गेलीस?"

तिसऱ्या खेपेला परत आले तर वस्तीवर वीटभट्टीचा मुकादम बसलेला. "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येईल. चाला कामाला. पण लहान पोर नको. कामाचा खोळंबा होतो."

शेवंता माझ्या खांद्यावर झोपली होती. तिच्या मानेचा वास घेत मी मुंडी हलवली. दुसरं काय करणार? मी इथं राहिले तर दोघी उपाशी. गेले तर ती तरी आत्याजवळ राहील, मी काहीबाही धाडीन. पण दोन वर्षांच्या पोरीला सोडून भट्टीवर गेलेल्या बाया मी पाहिल्या होत्या. परत आल्या तेव्हा काहींना घरी पोर भेटलं नाही.

संध्याकाळी आत्या आली. बसली. म्हणाली, "कौसे, त्या रुजवेलाला लिव."

"कुणाला?"

"अमेरिकेच्या. जबाब देतो त्यो."

मला हसू आलं. "आत्या, तो तिथला. आपला मामलेदार त्याच्या ताब्यात आहे का?"

"मिलो कुणाची खातो आपण? त्येची. खाऊन पोटं दुखली, तरी खाल्ली. मंग दोन शब्द सांगायचा हक हाय का न्हाई?"

मी शिकलेली ना? मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांमागची गोष्ट, तो माणूस तेव्हाच पन्नाशीचा. पण कथेत तो नुकताच निवडून आला होता, गुलाल अजून खाली बसला नव्हता. आमच्यासाठी तो जिवंत होता. मी हवाई पत्र आणलं. पोस्टमन श्रीपतीनं वर इंग्रजीत पत्ता घातला आणि डोक्याला हात लावला, "जाईल तिथं जाईल, बायांनो."

आत्या सांगत गेली, मी लिहीत गेले. ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे.

"रुजवेल साहेबांस, डोंगरसोंडीच्या दोनशे अकरा बायांचा रामराम. पाय गेले असून तुम्ही राज्य हाकता हे ऐकून बरं वाटलं. इथं पाय असलेले बसून असतात. आमचं खडीचं काम बंद केलं. आम्हांस फुकट काही नको. काम पाहिजे. तुमच्या टपालाला पन्नास कारकून आहेत. इथं एक आहे, तो उत्तर देत नाही. त्याच्या साहेबाला तुम्ही दोन शब्द सांगावे. आणखी एक. शेतावर राबणाऱ्या बायांना पेन्शनीतून का वगळलं, तेही कळवावं. तुमच्या पायांना आराम पडो." खाली मी माझं नाव आणि गावाचा पत्ता घातला.

पत्र गेलं. दिवस गेले. आम्ही मिलो मोजकी खाल्ली, पाणी दोन कोसांवरून आणलं. काही घरांना कुलपं लागली. पाडव्याला कुणी गुढी उभारली, कुणी नाही. मी शेवंताचं एक झबलं माझ्या गाठोड्यात घातलं, वासासाठी. मग बाहेर काढलं. तिला दोनच होती.

पाडव्याच्याच दुपारी जीप आली.

मामलेदार पुढं, मागं फौजदार, त्यांच्या शेजारी आमचे उपळेकर गुरुजी. त्यांचा चेहरा पांढराफटक. देवळापुढं खुर्ची मांडली. मामलेदारांच्या हातात एक लांब पाकीट होतं, त्यावर परदेशी तिकिटं. न फोडलेलं.

"कौसल्या कोण?"

मी पुढं झाले. शेवंता कडेवर.

"तू अमेरिकेला पत्र लिहिलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं लिहायला? कुठल्या पक्षाचा माणूस आला होता?"

"आमी सांगितलं," मागून आत्या म्हणाली. "आमचा पक्ष खडी फोडणारांचा."

बाया हसल्या. मामलेदार उखडले. "हसताय काय? कळतं का काही? सव्वा वर्षामागं बांगलादेशच्या लढाईत त्यांनी आपल्यावर आरमार सोडलं होतं! आणि तुम्ही त्यांच्याकडं आपल्या सरकारची तक्रार करता? पोस्टातून थेट पोलिसात वर्दी गेली. वरून मला फोन. काय लिहिलंय त्यात?"

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मामलेदारांच्या कपाळावर घाम होता. ते चिडले नव्हते, ते घाबरले होते. आम्हाला नाही. या पाकिटाला. आमचे तीन अर्ज त्यांच्या कचेरीत धूळ खात पडले होते आणि ते आता कुणाकुणाला कळलंय, याचा त्यांना अंदाज लागत नव्हता.

"पाकीट माझ्या नावाचं आहे," मी म्हणाले. "फोडा आणि गुरुजींना वाचू द्या. सगळ्यांसमोर."

फौजदारानं मामलेदारांकडं पाहिलं. मामलेदारांनी पाकीट गुरुजींना दिलं.

गुरुजींनी कागद काढला. आधी मनात वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"वाचा की वो," आत्या म्हणाली. "काय म्हंतोय?"

"आत्या… हे त्यांच्या कागदपत्रांच्या ग्रंथालयातून आलंय. तिथल्या एका बाईंनी लिहिलंय." गुरुजी थांबत थांबत मराठीत सांगू लागले. "प्रिय कौसल्याबाई आणि दोनशे दहा भगिनी. तुमचं पत्र बऱ्याच टेबलांवरून फिरून आमच्याकडं आलं. इथल्या कॉलेजातल्या तुमच्या भागातल्या एका विद्यार्थ्यानं ते आम्हाला वाचून दाखवलं. कळवायला वाईट वाटतं, की अध्यक्ष रूझवेल्ट…" गुरुजींनी आत्याकडं पाहिलं. "एकोणीसशे पंचेचाळीस साली वारले."



"वारलं?" आत्यानं पदर डोक्यावर ओढला. "आगं बाई. कवा म्हनलात?"

"अठ्ठावीस वर्षं झाली, आत्या."

आत्यानं बोटं मोजत हिशेब केला. "मंग सुतक फिटलं," असं म्हणाली आणि डोळे पुसले. मग एकदम गुरुजींवर उखडली. "मास्तर! मेल्या माणसाला पुढं करून आमास्नी कागद लिवाय लावलं?"

"कथा तिथवर आलीच नव्हती हो! काम बंद झालं मध्येच!"

फौजदारसुद्धा हसला. मामलेदारांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. मेलेला माणूस. तक्रार हवेत. ते खुर्चीतून उठलेच. "चला. पोरखेळ सगळा. वर तसं कळवतो."

"अजून आहे," गुरुजी म्हणाले.

"असू दे."

"असू दे कसं?" मी म्हणाले. "वाचा, गुरुजी."

गुरुजींनी मामलेदारांकडं पाहिलं नाही. कागदाकडंच पाहत वाचलं. "अध्यक्षांना त्या काळी तुमच्यासारख्या लाखो माणसांनी पत्रं लिहिली. ती आम्ही जपून ठेवली आहेत. तुमचं पत्रही त्यांच्याच शेजारी ठेवलं आहे. तुमच्या देशातल्या अधिकाऱ्याला आम्ही काही सांगू शकत नाही. ते तुम्हीच सांगायला हवं. शेतावर राबणाऱ्या बायांना का वगळलं, असं तुम्ही विचारलंत. मी दोन दिवस कागद चाळले. पटेल असं कारण मला सापडलं नाही. ती चूक होती. पंधरा वर्षांनी ती थोडी दुरुस्त झाली, आणि तीही लोक विचारत राहिले म्हणून. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी."

खाली सही होती. बाईंचं नाव आम्हाला कुणालाच धड उच्चारता आलं नाही.

"क्षमा?" आत्या हळूच म्हणाली. "आपली? मागितली?"

"मागितली."

आत्या उठली. तिचे गुडघे खडीवर बसून बसून वाकलेले. काठी टेकत ती मामलेदारांच्या समोर जाऊन उभी राहिली. ते एक पाय जीपमध्ये टाकून थांबलेले.

"साहेब, त्यो मानूस मरून अठ्ठावीस वर्सं झाली. त्येच्या हापिसानं सात समिंदरापलीकडनं जबाब दिला. तुमी तर जित्तं हाय. अकरा मैलांवर बसताय."

फौजदारानं टोपी सारखी केली. बाया एकेक करून उठल्या आणि जीपच्या चारी बाजूंनी बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. जीपचा ड्रायव्हर किल्ली हातात घेऊन नुसता बसून राहिला.

मामलेदारांनी पाय खाली घेतला. तरुणच होते तेही, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला तर सापडला नाही.

"मंजुरी मी आणू शकतो," ते शेवटी हळू आवाजात म्हणाले. "वर भांडावं लागेल. बघतो मी. आठ-पंधरा दिवसांत काहीतरी…"

"बघतो" हा शब्द मी तीन खेपांत ऐकलेला होता. आजवर मी दुसऱ्यांचे शब्द कागदावर उतरवत आले होते. त्या खिडकीपुढं आवाज चढवायची हिंमत झाली नव्हती. मी गुरुजींच्या खिशातलं पेन काढून घेतलं. शेवंताला आत्याच्या कडेवर दिलं. हवाई पत्राच्या वेळचा एक कोरा कागद घरात उरला होता, तो आणला आणि मामलेदारांच्या खुर्चीवर ठेवला.

"साहेब, ट्रक उद्या सकाळी येतोय. त्यात चढायचं म्हणजे ही पोरगी मागं टाकायची. म्हणून मला आज पाहिजे, आणि लेखी पाहिजे. आम्ही काम मागितलंय. देताय की नाही? आणि कोणत्या तारखेपासून?"